‘रोल रेड रोल’ हा माहितीपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी हा माहितीपट क्रीडा मंडळांत आणि पालकांच्या बैठकांत दाखवते आहे. एकदा तर कबड्डीच्या मैदानाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीला पांढरी चादर लावून दाखवला. दिवे लागल्यावर साधारण तेच प्रश्न येतात. काही उभं राहून विचारले जातात, काही चिठ्ठीवर येतात आणि बरेचसे रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवर. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान. मी वकील नाही. कायद्याबद्दल इथे जे आहे ते समजण्यापुरतं, खरं प्रकरण हातात असेल तर वकील गाठा.

हा माहितीपट कशावर आहे?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या स्टूबनव्हिल या गावात ऑगस्ट 2012 मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. करणारे दोघे तिच्याच वयाचे, गावच्या हायस्कूलच्या (अमेरिकन पद्धतीच्या) फुटबॉल संघातले. आसपास बरीच मुलं होती. त्यांनी बघितलं, फोटो काढले, ट्विट केलं, एकमेकांना मेसेज केले, हसले. नॅन्सी श्वार्ट्झमन यांनी दिग्दर्शित केलेला सुमारे ऐंशी मिनिटांचा हा माहितीपट 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवर आला.

पण ‘बलात्कारावरचा माहितीपट’ हे वर्णन मला अपुरं वाटतं. माझ्या मते हा बघ्यांवरचा माहितीपट आहे. त्या दोघांपेक्षा कॅमेरा जास्त वेळ रेंगाळतो तो आजूबाजूच्यांवर. कोणी गाडीतून नेलं, कोणी फोन धरला, कोणी दुसऱ्या दिवशी मेसेज पुसले, आणि कोणत्या मोठ्या माणसाने ‘बघतो मी’ म्हटलं, हे तो तपासत जातो.

नावाचा अर्थ काय?

संघाचं नाव ‘बिग रेड’. सामन्यात प्रेक्षक जी आरोळी देतात ती ‘रोल रेड रोल’. आपल्याकडे ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणून चढाईला जातात, तसं समजा. एक चाहता याच नावाची वेबसाइटही चालवायचा. तिचं पुढे काय झालं ते खाली येईल.

एका शालेय संघासाठी गाव एवढं वेडं कसं होतं?

हे कळल्याशिवाय पुढचं कळत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. स्टूबनव्हिल हे ओहायो नदीकाठचं पोलादाचं गाव. गायक डीन मार्टिनचं हे जन्मगाव. नदीपल्याड वेस्ट व्हर्जिनिया राज्य लागतं. पोलादाचे कारखाने बसत गेले, माणसं बाहेर पडली, दुकानांना कुलपं लागली. घटनेच्या वेळी लोकसंख्या अठरा हजारांच्या घरात होती, आणि हायस्कूलच्या फुटबॉलच्या स्टेडियमची क्षमता साधारण दहा हजार! तिथे एका उधळलेल्या घोड्याचा पुतळा आहे, संघाने गुण मिळवला की त्याच्या तोंडातून जाळ निघतो. गिरण्या बंद झाल्यावर ज्या वस्तीत गोविंदा पथक हाच एक अभिमान उरतो, तिथे वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

अशा गावात संघातला सोळा वर्षांचा पोरगा साधा पोरगा राहत नाही. हॉटेलवाला त्याला ओळखतो, पोलीस ओळखतात, वकिलाचा मुलगा त्याच्याच संघात असतो. त्याच्याबद्दल काही वाईट ऐकलं की ते त्याच्यापुरतं राहत नाही, ‘आपल्या गावाबद्दल’ होतं. मग तक्रार करणारी ती एकटी आणि समोर सगळं गाव.

घटना क्रमाने सांगाल का?

11 ऑगस्टची रात्र, शाळा सुरू होण्याआधीच्या पार्ट्या. मुलगी नदीपल्याडच्या गावातली. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना ती इतकी नशेत होती की तिला स्वतःला सावरता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एका अनोळखी तळघरात जागी झाली. रात्रीचं जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. आपल्याबरोबर काय झालं हे तिला कळलं ते इतरांच्या फोनमधून. हा तपशील मी मुद्दाम सांगते. गावाला आधी माहीत होतं, तिला नंतर कळलं.

14 ऑगस्टला आईवडील पोलिसांकडे गेले. आईने पेन ड्राइव्ह नेला होता आणि त्यात इंटरनेटवरून जमवलेलं साहित्य होतं. 22 ऑगस्टला दोघांना अटक झाली. क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’च्या पत्रकार रेचेल डिसेल यांनी सुरुवातीपासून पाठपुरावा केला, त्या माहितीपटातही दिसतात. 16 डिसेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मोठा वृत्तान्त दिला आणि प्रकरण देशभर गेलं. तारीख ओळखीची वाटली ना? त्याच रात्री दिल्लीत त्या बसमध्ये जे घडलं, त्याने आपल्याकडचे कायदे बदलले. आपण सगळे तेव्हा दिल्लीकडे बघत होतो, त्यामुळे स्टूबनव्हिलचं नाव आपल्याकडे फारसं पोहोचलंच नाही.

शिक्षा काय झाली?

मार्च 2013 मध्ये बालन्यायालयात चार-पाच दिवस सुनावणी चालली. ज्युरी नव्हती. गावात सगळे एकमेकांना ओळखत असल्याने न्यायाधीश टॉमस लिप्स बाहेरून आणले होते आणि खटला राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, कार्यालयाने चालवला. 17 मार्चला दोघेही बलात्काराबद्दल दोषी ठरले. एकाला किमान एक वर्ष आणि दुसऱ्याला किमान दोन वर्षं बालसुधारगृह. दुसऱ्याचं जास्तीचं वर्ष मुलीचा नग्न फोटो पसरवल्याबद्दलचं. संघातल्या आणि मित्रमंडळींतल्या तीन मुलांनी सरकारतर्फे साक्ष दिली, त्यांच्यावर गुन्हा दाखल होणार नाही अशी हमी घेऊन. त्यातल्या एकाने गाडीत व्हिडिओ काढून नंतर पुसला होता.

‘एवढीच शिक्षा?’ हा प्रश्न दर वेळी येतो. आरोपी सोळा वर्षांचे होते आणि बालन्यायालयाचा हेतू सुधारणा हा असतो. ते तत्त्व मला मान्य आहे. मला खुपतं ते वेगळंच. निकालाच्या दिवशी सीएनएनवर, या दोन होतकरू खेळाडूंचं भवितव्य कसं कोसळलं, याचं हळहळत वार्तांकन झालं. त्याविरोधातल्या ऑनलाइन अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्याच सुमारास काही वाहिन्यांवर न्यायालयातल्या चित्रणात त्या मुलीचं नाव न झाकता ऐकवलं गेलं. दुसऱ्या दिवशी तिला सोशल मीडियावर धमक्या दिल्याबद्दल दोघांना अटक झाली. त्या दोघी मुलीच होत्या, पंधरा-सोळा वर्षांच्या.

पुरावा कसा मिळाला? सगळ्यांनी पोस्ट पुसल्या ना?

पुसल्या, पण उशिरा. अलेक्झांड्रिया गॉडर्ड ही गुन्ह्यांवर लिहिणारी ब्लॉगर पूर्वी याच गावात राहिलेली. अटकेची बातमी वाचून तिने संघातल्या मुलांची नावं काढली आणि त्यांची ट्विटर खाती उघडून बसली. खाती खुली होती. तिने एकेक पोस्ट स्क्रीनशॉट करून ठेवली. मुलं शुद्धीवर येऊन पुसायला लागली तोवर ते सगळं तिच्याकडे जमा झालं होतं. एका खेळाडूच्या कुटुंबाने तिच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो काही महिन्यांत मागे पडला.

दुसरा पुरावा पोलिसांचा. त्यांनी डझनाहून जास्त फोन ताब्यात घेतले आणि त्यातले मेसेज न्यायालयात वाचून दाखवले गेले. माहितीपटात ते मेसेज पडद्यावर उमटतात, बाकी काही नाही. कोणी रडत नाही, मागे व्हायोलिन वाजत नाही. चुकीच्या स्पेलिंगमधले तीन-चार शब्द, मग वेळ, मग पुढचा मेसेज. आमच्याकडे याच भागात सभागृह सगळ्यात शांत होतं. मला वाटतं, कारण ती भाषा प्रत्येकाच्या खिशात असते.

पोलिसांनी घेतलेल्या जबाबांची ध्वनिचित्रफीतही आहे. खुर्चीत पसरून बसलेली मुलं ‘आम्हाला काय माहीत’ म्हणतात आणि तपास अधिकारी शांतपणे एकेक प्रश्न पुढे सरकवतो. ओरडणारा फौजदार बघायची सवय असलेल्यांना तो अधिकारी जरा मिळमिळीत वाटतो. मला तो फार आवडतो.

त्या बारा मिनिटांच्या व्हिडिओबद्दल ऐकलं. त्यात काय आहे?

त्याच रात्री दुसऱ्या एका घरात एका मुलाने केलेलं चित्रण. शाळा संपवलेला एक तरुण त्या मुलीला ‘मेलेली’ म्हणत विनोदावर विनोद करतो आणि बाकीचे हसतात. त्यात अत्याचाराचं दृश्य नाही, तरी मी दाखवलेल्या सगळ्या गोष्टींत ऐकायला सगळ्यात अवघड तीच आहे.

पण त्यात एक आवाज असा आहे जो नीट ऐकावा. खोलीतला कोणीतरी म्हणतो की ही तुझी मुलगी असती तर? बोलणारा थांबत नाही. माझी नाहीये ना, असती तरी मला फरक पडला नसता, अशा अर्थाचं काहीतरी बोलून तो पुन्हा हसतो.

आपल्याकडे मुलांना शिकवायचं एकमेव सूत्र काय? ‘तुझ्या घरी आयाबहिणी नाहीत का?’ शाळेत तेच, भाषणात तेच, रिक्षाच्या पाठीमागेही तेच. ते सूत्र त्या खोलीत वापरलं गेलं आणि फुकट गेलं. माझी बहीण असेल तरच ती माणूस, असं शिकवलं तर ‘माझी नाहीये ना’ हे उत्तर त्यातच दडलेलं असतं. खेळाडू मुलांशी बोलताना मी आता तो वाक्प्रचार पूर्ण सोडला आहे. त्याऐवजी विचारते, ‘तो बोलला तेव्हा तू कुठे बसला होतास? आणि दार किती लांब होतं?’

ती मुलगी माहितीपटात दिसते का?

नाही. तिचं नाव नाही, चेहरा नाही, मुलाखत नाही. काहींना ही उणीव वाटते. मला ती दिग्दर्शिकेची सगळ्यात विचारपूर्वक केलेली निवड वाटते, कारण त्या रात्री तिच्याकडे पुरेशा लोकांनी बघून झालं होतं.

श्वार्ट्झमन यांनी संमती या विषयावर याआधीही काम केलं होतं. अडचणीत असताना ठरलेल्या सहा माणसांना चटकन संदेश पाठवणारं ‘सर्कल ऑफ सिक्स’ हे मोबाइल ॲप त्यांच्या पुढाकारातून आलं. दिल्लीच्या घटनेनंतर त्याची दिल्लीसाठी आवृत्तीही निघाली.

तुम्ही दोषी मुलांची नावं का लिहीत नाही? इंटरनेटवर तर सगळीकडे आहेत.

अमेरिकेत ती माध्यमांनी छापली. मी छापणार नाही. भारतात बालन्याय कायद्याचं कलम 74 कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं आणि पॉक्सोचं (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम 23 पीडित मुलाची. हा खटला आपल्या कायद्याखाली येत नाही हे खरं, पण मी हे पान आपल्याकडच्या सवयी सुधारायला लिहिते आहे. दुसरं म्हणजे, नाव लिहिलं की वाचणारा लगेच फोटो शोधतो. मग ‘असा दिसतो होय!’ म्हणून प्रकरण त्याच्या चेहऱ्यावर संपतं आणि बाकीचे पंधरा जण सुटतात.

मुखवटे घातलेले लोक कोण होते? तेच खरे नायक नाहीत का?

तरुण प्रेक्षकांचा हा आवडता प्रश्न. ‘अनॉनिमस’ नावाच्या सैलसर हॅकर जाळ्यातल्या काहींनी तो बारा मिनिटांचा व्हिडिओ सगळीकडे पसरवला, ‘रोल रेड रोल’ ही चाहत्यांची वेबसाइट हॅक केली आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत न्यायालयासमोर निदर्शनं बोलावली. तिथे शेकडो लोक जमले. काही बायकांनी मुखवटा काढून, माइक हातात घेऊन, स्वतःवर पूर्वी झालेले अत्याचार पहिल्यांदा सांगितले. माहितीपटातला हा भाग बघताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

पण नायक? त्यांच्याशिवाय प्रकरण दबलं असतं, असं म्हणणारे खूप आहेत. मात्र अटक त्याच्या कितीतरी आधी झाली होती, हे विसरू नये. आणि या गर्दीने ज्यांचा संबंध नव्हता अशांवरही चिखल उडवला. वेबसाइट चालवणाऱ्यावर निराधार आरोप झाले, ज्याच्या-त्याच्या नावाने अफवा उठल्या. हॅकिंगमध्ये पुढे असलेल्या डेरिक लॉस्टटरने पुढे गुन्हा कबूल केला आणि 2017 मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली. ‘बलात्काऱ्याइतकीच की हो शिक्षा!’ असा उद्गार सभागृहात हमखास येतो. तुलना पूर्ण रास्त नाही, तो प्रौढ आणि ती मुलं. तरी उद्गार मी थांबवत नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर मे 2020 मधलं ‘बॉइज लॉकर रूम’. दिल्लीतल्या शाळकरी मुलांचा इन्स्टाग्रामवरचा गट, त्यात मुलींचे फोटो आणि गलिच्छ बोलणं. ते खरंच होतं. पण त्याबरोबर सगळ्यात जास्त फिरलेला एक स्क्रीनशॉट, ज्यात बलात्काराची योजना होती, तो त्या गटातला नव्हताच. एका मुलीने मुलाच्या नावाने खोटं खातं काढून केलेल्या संभाषणाचा तो होता, असं पोलीस तपासात निघालं. स्क्रीनशॉट हा पुरावा असतो तसाच तो नुसता कागदही असू शकतो.

प्रशिक्षकाचं काय झालं?

आरोपींपैकी एकाने मित्राला मेसेज केला होता की कोचने सांभाळून घेतलंय, काळजी नको, अशा अर्थाचा. मुलगा तसं म्हणाला म्हणजे प्रशिक्षकाने तसं केलंच, असं होत नाही. त्यांच्यावर आरोप ठेवले गेले नाहीत आणि निकालानंतर महिनाभरात त्यांचा करार वाढवण्यात आला. शाळेतल्या काही प्रौढांवर मात्र नंतर ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप ठेवले. ज्याच्या घरी त्या रात्री पार्टी झाली त्या स्वयंसेवी प्रशिक्षकाला दहा दिवसांची कैद झाली. जिल्हा शाळांच्या अधीक्षकांवरचे आरोप ते राजीनामा देणार म्हटल्यावर 2015 मध्ये मागे घेतले गेले.

माझं लक्ष त्या मेसेजवर जातं. प्रशिक्षकाने काय केलं हा भाग सोडा. सोळा वर्षांच्या मुलाची एवढी खात्री होती की सर सांभाळून घेतील! ही खात्री त्याला त्या रात्री मिळाली नाही. ती आधीच्या कितीतरी बारीकसारीक सांभाळण्यांतून आलेली असते. उशीर झाला तर हजेरी लावली, भांडण झालं तर मिटवलं, पेपर बुडाला तर बाईंशी बोललो.

‘पण मुलीने एवढी प्यायचीच कशाला?’

हा प्रश्न आया जास्त विचारतात, बाप कमी. मला आधी राग यायचा. आता मी विचारते की तुमचा मुलगा पिऊन रस्त्यात पडला आणि कोणी त्याचं पाकीट मारलं, तर चोर सुटतो का? ओहायोत संमतीचं वय सोळा आहे, त्यामुळे खटला वयावर नव्हताच. माणूस हो-नाही म्हणण्याच्या अवस्थेत होता का, एवढाच मुद्दा होता. बचाव पक्ष म्हणाला, ती निर्णय घेत होती. न्यायाधीशांना ते पटलं नाही.

हेच भारतात झालं असतं तर?

ऑगस्ट 2012 मध्ये? तर आपल्या भारतीय दंड संहितेने याला बलात्कार म्हटलंच नसतं. तेव्हाची व्याख्या फक्त एकाच प्रकारच्या संभोगापुरती होती. बोटांनी केलेला अत्याचार ‘विनयभंग’ ठरायचा. स्टूबनव्हिलचा खटला नेमका अशाच कृत्यावर उभा होता. पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 ला लागू झाला आणि 2013 च्या दुरुस्तीने दंड संहितेतली व्याख्या रुंदावली.

आज अठराच्या आतल्या मुलाची संमती कायदा मानत नाही. आरोपी 16 ते 18 वयाचा असेल आणि गुन्हा निर्घृण वर्गातला असेल, तर बालन्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून त्याला प्रौढासारखं चालवण्यासाठी बालक न्यायालयाकडे पाठवू शकतं. आणि प्रशिक्षक, मुख्याध्यापक, मंडळाचे अध्यक्ष यांनी पॉक्सोचं कलम 19 पाठ करावं. असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. म्हणजे ‘मिटवून टाका’ हा सल्ला आता स्वतःच गुन्हा आहे. हे वाक्य एका मंडळात म्हणाले तेव्हा मागच्या रांगेतले दोन पदाधिकारी चहा सांगायला म्हणून उठले ते परत आले नाहीत.

आपल्याकडे कुठे असं फुटबॉलचं वेड आहे?

वेड नाही कसं? फक्त चेंडू वेगळा. कुस्ती, कबड्डी, खो-खो, क्रिकेटच्या अकादम्या. शिवाय आपल्याकडे खेळाला एक सरकारी कागद चिकटलेला असतो. दहावी-बारावीला खेळाडूंचे सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत 5 टक्के खेळाडू आरक्षण. त्या प्रमाणपत्रापर्यंतचा रस्ता निवडीतून जातो आणि निवड कोणाच्या हातात असते ते सगळ्यांना माहीत आहे. शेतमजुराच्या मुलीसाठी तो कागद म्हणजे पोलीस भरती. तिने तोंड उघडायचं म्हणजे काय पणाला लावायचं, याचा हिशेब करून बघा.

जानेवारी 2023 मध्ये देशातल्या नावाजलेल्या कुस्तीपटू जंतरमंतरवर बसल्या आणि त्यांनी महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप केले. त्यांनी ते नाकारले, प्रकरण न्यायालयात गेलं. पदकं जिंकलेल्या बायकांनाही रस्त्यावर बसावं लागतं, एवढीच गोष्ट मी त्यातून मुलींपुढे ठेवते, आणि लगेच दुसरी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा हे सगळं ‘कामाचं ठिकाण’ म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. हे विचारलं तर दहातल्या नऊ मंडळांना माहीत नसतं.

हे अमेरिकेतल्या जिम्नॅस्ट मुलींचं प्रकरण का?

नाही. ते डॉक्टर लॅरी नासरचं, मिशिगनमधलं. तिथे गुन्हेगार प्रौढ होता. इथे करणारे दोघेही तिच्याच वयाचे.

किती वयाच्या मुलांना दाखवावा?

मी नववीच्या खाली दाखवत नाही. अत्याचाराचं चित्रण त्यात नाही, पण भाषा अत्यंत घाण आहे. आधी सांगा की कोणीही, कधीही, कारण न देता उठून जाऊ शकतं, आणि दार उघडं ठेवा. उठून गेलेल्या मुलीच्या मागे लगेच कोणाला पाठवू नका, सगळ्यांच्या माना वळतात. बाहेर आधीच एक बाई खुर्ची टाकून बसलेली असू द्या. मुलगे-मुली वेगळे बसवायचे की एकत्र? माझा अनुभव सांगते. बघताना एकत्र, बोलताना आधी वेगळे.

इंग्रजी येत नाही त्यांचं काय?

बोली जोरकस आहे, वेग फार. मी मधे तीनदा थांबवून मराठीत सांगते. लय तुटते, पण काही बिघडत नाही.

मोबाइल प्रोजेक्टरला जोडून दाखवला तर चालतं?

घरच्या वर्गणीत सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी नसते. वितरकाकडून शैक्षणिक परवाना घ्या.

एखाद्या खेळाडू मुलीने येऊन सांगितलं तर मी काय करू?

आधी ऐका. ‘खरंच?’ म्हणू नका, ‘कोणाला सांगू नकोस’ तर मुळीच नको. पुन्हापुन्हा तेच वदवून घेऊ नका, तिला ते पोलिसांपुढे सांगायचंच आहे. ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण कायद्याने तुम्हाला ते पाळता येत नाही. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, तातडीसाठी 112. आणि आरोप ज्याच्यावर आहे तो तुमचा सगळ्यात चांगला चढाईपटू असेल, उद्या अंतिम सामना असेल, तर तो उद्या खेळणार नाही. हे वाक्य सामन्याच्या आदल्या दिवशी नव्हे, मोसमाच्या सुरुवातीला संघासमोर बोलून ठेवा.

मुलीचा फोटो गटात फिरतोय. पुराव्यासाठी जपून ठेवू का?

इथे गॉडर्डची नक्कल करू नका. तिने जमवली ती मुख्यतः मुलांची लिहिलेली वाक्यं. अठराच्या आतल्या मुलीचं नग्न किंवा लैंगिक चित्र स्वतःजवळ ठेवणं, पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब आणि पॉक्सोखाली गुन्हा ठरू शकतो. ‘सरांना दाखवायला म्हणून पाठवला’ हेही पाठवणंच. गटाचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ कागदावर लिहा आणि लगेच पोलिसांना सांगा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. मुलीच्या स्वतःच्या फोनमधला पुरावा मात्र पुसायला लावू नका, तो फोन तसाच पोलिसांकडे जाऊ द्या.

फोटो पसरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. चित्र मुलीच्याच फोनवर राहतं, त्याचा फक्त आकड्यांतला ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून प्रत ओळखून काढतात. व्हॉट्सॲपच्या खाजगी गटांत हा उपाय तोकडा पडतो, हेही सांगून ठेवते.

ग्रुपवर असं काही आलं. मी फक्त बघितलं, पुढे पाठवलं नाही. मी दोषी आहे का?

हा प्रश्न एकदा चिठ्ठीवर आला होता, वहीच्या चौकटीच्या कागदावर, चार घड्या घालून. अक्षर मुलाचं असावं.

सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असं चित्र जवळ ठेवणं, ते न पुसणं, न कळवणं हाही गुन्हा ठरू शकतो. न मागता आलं असेल तर तुझी बाजू वेगळी, पण आल्यावर तू काय केलंस हे विचारलं जाणार. तेव्हा आज घरी गेलास की व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’त जा आणि आपोआप डाउनलोड होणारे फोटो-व्हिडिओ बंद कर. गटात काय आलंय ते घरातल्या किंवा शाळेतल्या एका मोठ्या माणसाला सांग, चित्र दाखवू नकोस. ते ‘मिटवू’ म्हणाले तर 1098 ला तू स्वतःही फोन करू शकतोस. नंबर आमच्या प्रत्येक कार्यक्रमात बाहेर जाताना डाव्या हाताच्या भिंतीवर लावलेला असतो, तो फाडून न्यायला परवानगी आहे.